हौस माझी होती, सुमन

सुमन, तुझ्या तेरवीच्या पंगतीत तुझ्याबद्दल एक खोटं बोललं गेलं. बोलणारा तुझा सख्खा भाऊ होता आणि तो मनापासून, डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. पण ते खोटं त्याचं नव्हतं. ते मी तयार केलेलं होतं, जवळपास चाळीस वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या.

समाजाच्या मासिकाने तुझ्यावर दोन शब्द मागितले आहेत. जन्म, माहेर, पश्चात तीन मुली, जावई, नातवंडं, हे सगळं मोठीने वेगळ्या कागदावर लिहून दिलंय. ते छापतील. मला जे लिहायचंय ते तुलाच सांगायचं आहे. बाकीच्यांनी वाचलं तर हरकत नाही. वाचावंच.

तुला माहीत आहे, माझा धंदाच बोलण्याचा होता. आपल्या दोन्ही घरांत माग होते. तुझ्या बापाचा हात रेशमी काठावर असा चालायचा की लोक बघत उभे राहायचे. मला विणता कधी आलं नाही. मी इतवारीच्या बाजारात ठोक साड्यांच्या दुकानात गादीवर बसलो आणि दुसऱ्यांनी विणलेलं उलगडून दाखवत राहिलो. रंग जरा उतरलेला असला तर म्हणायचं, हाच रंग सध्या चालून राहिला. काठात गाठ दिसली तर बोट नेमकं त्या गाठीवर ठेवून पदराकडे बघायला लावायचं. तू लग्नानंतर एकदा दुकानात आलीस, कोपऱ्यात बसून तासभर माझं बोलणं ऐकलंस आणि घरी आल्यावर म्हणालीस, "बाप्पा! तुमी तं मलेबी विकून टाकान, आनि घेनाऱ्याले वाटन सस्त्यात पडली." मी किती हसलो होतो.

मोठीच्या वेळी बाळ आडवं होतं म्हणून पोट उघडावं लागलं. त्या काळी आपल्या गल्लीत ही मोठी गोष्ट होती. बायका तुला बघायला यायच्या, तुला नव्हे, टाक्यांना. बेंबीपासून खाली उभी रेघ. तू तिला माझी शिलाई म्हणायचीस. मधलीच्या वेळी पुन्हा तेच, त्याच रेघेवर. आत नेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं होतं की दोन मुलं झाल्यावर थांबायचं का, पोट उघडलेलंच असेल तर नसबंदीही करून टाकू. तू लगेच हो म्हणालीस. स्ट्रेचरवरून माझा हात धरून मला सांगितलंस, "मी हो म्हनलं आहे बरं. नर्स कागद आनन, तुमी सही करून द्या. झंझट मिटली."

मी मान हलवली.

इथपर्यंतची गोष्ट तुला माहीत होती. पुढची नाही.

नर्स कागद घेऊन आली तेव्हा मधली झालेली होती. मुलगी, असं तिने सांगितलं आणि कागद पुढे केला. मी म्हणालो, पाच मिनिटं थांबा बाई, विचार करून सांगतो. मग जिना उतरलो, रस्ता ओलांडला आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला. तो पिऊन झाल्यावर दुसरा सांगितला. टपरीवर पेपर पडला होता, तो उघडला. काय वाचलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नर्स फाटकापर्यंत आली, डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघत उभी राहिली, आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली. उघडं पोट माणसाच्या चहासाठी थांबत नाही. पाऊण तासाने वर गेलो तेव्हा टाके घालून झाले होते. डॉक्टरीणबाई रागावल्या. कुठे गेला होतात, म्हणाल्या. सहीशिवाय मी करणार नाही हे माहीत होतं ना? मग म्हणाल्या, आता निदान दीड महिन्याने आणून तांबी बसवून घ्या, एवढ्यात तिसरं नको, टाक्यांवर टाके आहेत. त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

ती चिठ्ठी मी तुला दाखवली नाही.

तू शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंस? मुलगी कशी आहे, ते. आणि दुसरं, "झालं ना जी ते?" मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, तुझ्यात रक्त कमी होतं म्हणून बाई नाही म्हणाल्या, पुढे पाहू. गाठीवर बोट ठेवून पदराकडे बघायला लावलं. मोठा सरकारी दवाखाना, एकेका खाटेवर दोन-दोन बाया, राउंडला येणारे टाके बघून पुढे जायचे. तुला खरं सांगायला तिथे कोणाला वेळ होता? आणि माझ्यावर तुझा विश्वास होता.

लोक अशा वेळी आईला पुढे करतात. माझी आई बिचारी असं कधीच बोलली नाही. तिने मधलीला मांडीवर घेऊन नाक बापाचं आहे म्हणून सगळ्या गल्लीला दाखवलं. हौस माझी होती. मुलगा घेऊन काय करायचं होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. दुकानात दुपारी काम नसलं की चार जण बसायचो, त्यात कोणीतरी कोणाला विचारायचा, मुलं किती. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मुलगा हवा होता.

तीन वर्षांनी तुला दिवस गेले. तू घाबरलीस. मी तुला घाबरू नको म्हणालो. डॉक्टरांनी धोका सांगितला, अजून गर्भ पाडून मोकळं होता येतं असंही सांगितलं. तू दोन दिवस काही बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता चरखा थांबवलास आणि म्हणालीस, "आलंच आहे तं येऊ द्या. दारात आलेल्याले जा कसं म्हनू? पन एक आयका. पोट्टा झाला तं नाव तुमी ठेवा, पोट्टी झाली तं मी ठेवीन. अर्चना ठेवीन." पाचवा महिनाही लागला नव्हता तेव्हा. मी फक्त अर्धं वाक्य ऐकलं, पोट्टा झाला तर, एवढंच.

आठव्या महिन्यात सकाळी भाकरी टाकताना तुला रक्त जायला लागलं. दुखत नव्हतं, नुसतं जात होतं. सायकलरिक्षात तू मला धीर देत होतीस. वार खाली सरकलेली आणि जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसलेली, असं डॉक्टर म्हणाले. सुटायला तयार नव्हती. गर्भाच्या पिशवीला भेदून ती लघवीच्या पिशवीपर्यंत गेली होती. मूल काढलं, वार ओढली तर रक्ताचा नळ सुटला. गर्भाशय काढावं लागलं. लघवीची पिशवी फाटली ती शिवली. पुढे महिनाभर तुला नळी होती. नंतर तू समजावून सांगायचीस तेव्हा विणकराच्या लेकीसारखं सांगायचीस: एकाच जागी दोनदा रफू केलेलं कापड, त्यावर तिसऱ्यांदा ताण दिला तर फाटणारच, त्यात धाग्याचा काय दोष.

त्या दिवशी रक्त द्यायला आपल्या गल्लीतले नऊ जण आले, त्यांत चार हातगाडी ओढणारे होते. एक तर माल उतरवता उतरवता तसाच, खांद्यावर गोणपाट घेऊन आला. तू बरी झाल्यावर त्या चौघांना दर दिवाळीला फराळ पोचवत राहिलीस. कोणी म्हटलं, एवढं मोठं कुटुंब कसं ओढता वहिनी, तर म्हणायचीस, "हातगाडीवाल्याचं रक्त आहे माह्यात. ओझ्याचं भेव नाई."

आता व्हरांड्याबद्दल. तुझे दादा आले तेव्हा तू आत बेशुद्ध होतीस. मीही त्यांना दादाच म्हणायचो आणि त्यांना घाबरायचो. त्यांनी माझी कॉलर धरली नाही, पण हात तिथपर्यंत आला होता. "दोन शिजर झाले होते माह्या बहिनीचे," ते म्हणाले, "तिसरं काहून? तुमाले समजत नोहतं का, जवाईबुवा?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी काय करू दादा, तुमच्या बहिनीलेच पोट्टा पायजे होता."

त्यांचा हात खाली गेला. लगेच गेला, म्हणून मला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी तू बोलायला लागलीस तेव्हा ते तुझ्या खाटेशी बसून तुला रागावले. माझ्यासमोर. "अवं सुमन, तुले कायची हौस आली होती वं? आपल्या घरात पोट्टीले कोनी कमी लेखलं का कधी?" तू त्यांच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. मी खाटेचा दांडा धरून उभा होतो. तुला सगळं कळलं. पोटाला धरून तू म्हणालीस, "आली, दादा. आता नको बोलू, टाके दुखून राहिले."

त्या एका "आली"वर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं, सुमन. ते आयुष्य चांगलं गेलं, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा कागद पुन्हा खोटा होईल. तू दोन महिने खाटेवर होतीस आणि खाटेवरून राज्य केलंस. मला वरण करायला शिकवलंस. मी फोडणी जाळली की तिकडून ओरडायचीस, "मोहरी तडतडते का तुमी?" अर्चनाला पहिले तीन दिवस मी पाहिलंही नव्हतं. चौथ्या दिवशी नर्सने ती माझ्या हातात दिली, कारण दुसरं कोणी तिथे नव्हतं. कापसाच्या बोळ्याने तिला दूध पाजायचं होतं. एवढंसं तोंड, आणि काय जोर! बोळा सोडायची नाही. दोन महिने ती माझ्याच हातावर वाढली. दुकानातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर "तीन मुली" असं द्यायला लागलो, आणि ते देताना मला काही वाटेनासं झालं. म्हणजे जे हवं म्हणून मी तुझं पोट फाडलं, ते नसतानाही मी सुखात होतो. हे कळायला जास्तीत जास्त दोन महिने लागले होते. खरं मात्र मी तरीही बोललो नाही.

तू एकदाच विचारलंस. मोठीच्या लग्नाची पाहुणेमंडळी गेल्यावर, मांडवाच्या खुर्च्या मोजत होतो तेव्हा. दादांनी त्या दिवशीही तुला चिडवलं होतं, पोट्ट्याची हौस भागली असती तर एक दिवस वरमायही झाली असतीस म्हणून. तू मला म्हणालीस, "तुमी दादाले तेव्हा तसं काहून सांगतलं होतं जी?" मी म्हणालो, तोंडातून निघून गेलं. तू खुर्चीवर खुर्ची चढवलीस. "मंग वापस घ्या ना कधीतरी. घाई नाई."

मी ते घाई नाही एवढंच धरून बसलो.

पण घाई होती. कोणाला, ते मला दिसत होतं. आपल्या धाकटीला. त्या लग्नाच्या कितीतरी आधी, ती दहा वर्षांची असताना तिने माझी दुकानातली साड्या कापायची मोठी कात्री घेतली आणि दोन्ही वेण्या कापून टाकल्या. मग शेजारच्या मुलाची पँट घालून तुझ्यासमोर उभी राहिली. "आई, आता पोट्ट्यासारखी दिसून राहिली का मी?" तू आधी पोट धरून हसलीस, मग तिला पुढ्यात ओढून उरलेल्या केसांना तेल लावायला घेतलंस. म्हणालीस, "दिसून राहिली वं. पन मले पोट्टा कायले पायजे? मले तूच पायजे होती."

"खोटं नको बोलू. मामा सांगतेत ना सगळ्याइले."

"मामाले काय माहीत?"

"मंग कोनाले माहीत?"

तुझी नजर माझ्याकडे आली. मी पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

अर्चना त्यानंतर तुझ्याशी नीटच वागली, पण अंतर ठेवून. बाकीच्या दोघी तुझ्या गळ्यात पडायच्या, ही पाया पडायची. पारशिवनीला शाळेत शिकवायला लागली, तिथेच लग्न केलं, सणाला यायची, तुझ्यासाठी औषधं आणायची, आणि माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारायची. तुझ्या वाट्याच्या गप्पा मला मिळाल्या. त्या मी घेतल्या.

गेल्या वर्षी तुझं पोट पहिल्यांदा दुखलं ते आठवतं? आदल्या दिवशी लकडगंजला वास्तुपूजनाचं जेवण झालं होतं. वरच्या पोटातून कळ उठली आणि पाठीतून आरपार गेली. आडवं होता येईना. तू गुडघ्यावर उशी घेऊन पुढे वाकून बसलीस, उलट्या थांबेनात. सगळे म्हणाले रस्सा तिखट होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की रश्शाचा दोष नाही. पित्ताशयात खडे आहेत. त्यातला एक सरकून नळीच्या तोंडाशी अडकला, म्हणून स्वादुपिंडाला सूज आली. अन्न पचवायचा त्याचा रस त्यालाच आतल्या आत जाळायला लागतो. चार-पाच दिवस उपाशी ठेवून, सलाईन देऊन ती सूज उतरली. मग ते म्हणाले, आता पित्ताशय काढून टाका, नाहीतर हे पुन्हा येईल, आणि पुढच्या वेळी एवढं सौम्य येईलच असं नाही. फक्त एक आहे, यांची आतडी जुन्या ऑपरेशनांमुळे आत चिकटलेली असणार. दुर्बिणीतून जमलं तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल.

तू पदर ओढून घेतलास. "नाई."

आपल्या घरात त्यावर किती भांडण झालं! अर्चना एका बाजूला, तू एका बाजूला. ती फोनवरून ओरडायची, "आई, आता पहिल्यासारखं नसते वं! चार दिवसात घरी येशील." तू म्हणायचीस, "तीनदा उघडलं, तीनदा शिवलं. आता ही पेटी बंद. बिनातेलाचं खाईन, नुसतं वरनपानी पिईन, पन सुरी नाई." शेवटी तिने मला पकडलं. बाबा, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल ती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, पोट तिचं आहे, ती म्हणेल तसं.

तू त्या दिवशी माझ्याकडे असं पाहिलंस, जसं लग्नानंतर दुकानात पाहिलं होतंस. खूश होतीस. मला वाटलं, मी काहीतरी फेडलं.

आठ महिन्यांनी दुसऱ्यांदा आलं आणि तुला घेऊन गेलं. म्हणजे एकदा तुझं ऐकलं नाही म्हणून तू कापली गेलीस आणि एकदा ऐकलं म्हणून गेलीस. ह्या भांडणात कोण बरोबर होतं, तू की अर्चना, याचा मी अजून निकाल लावलेला नाही. ती म्हणते ती बरोबर होती. डॉक्टरही बहुधा तेच म्हणतील. मी तरीही पुन्हा विचारलं तर तेच म्हणेन. ते म्हणायचा हक्क मला होता का, हा वेगळा प्रश्न. मी तुझ्या इच्छेसाठी तसं बोललो की माझा बोजा हलका व्हावा म्हणून, ते मलाच नीट सांगता येत नाही.

अतिदक्षता विभागात अकरा दिवस. पहिल्या चार दिवसांत तू बोलत होतीस. तोंडाने काही द्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा. मी ओला कापूस ओठांवर फिरवायचो. तू डोळे वटारून म्हणालीस, "पानी मांगून राहिली मी, बनारसी नाई मांगत." बाजूच्या खाटेजवळची नर्स हसली. चौथ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत मी ठरवून गेलो होतो. टपरीपासून सगळं सांगायचं. वाकलो आणि म्हणालो, सुमन, एक सांगायचं राहून गेलं. तू हात हलवलास. "घरी गेल्यावर सांगा. आता बसा जरा." मी बसलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आणखी एक दिवस मिळाला असं वाटलं. त्या संध्याकाळी तुला श्वासाच्या यंत्रावर घेतलं. मग मूत्रपिंडं थांबली. तू घरी आलीच नाहीस.

म्हणून आता तेरवी.

पंगत बसली होती. दादा ऐंशीच्या पुढे गेलेत, पण पाटावर मांडी घालून बसले. वडे वाढून झाले, बुंदी आली. अर्चना बुंदी वाढत होती. दादा शेजारच्यांना तुझं कौतुक सांगत होते, तुझा हात, तुझा स्वभाव. मग म्हणाले, "एकाच गोष्टीत पोरीनं कोनाचं आयकलं नाई. पोट्ट्यासाठी जिवावर उदार झाली. त्याच्यातच तिचं शरीर गेलं, नाईतं आज बसली असती इथं." अर्चनाचा डाव बुंदीच्या पातेल्यात थांबला. क्षणभरच. मग ती पुढच्या पानाशी गेली आणि "घ्या ना, घ्या ना" म्हणायला लागली. तिचा आवाज मला ऐकवेना.

मी म्हणालो, "दादा, सुमनले पोट्टा नोहता पायजे. मले पायजे होता. तिच्या नावावर मी खोटं सांगतलं होतं तुमाले. तिनं माही लाज राखली."

दादांचा घास हातात राहिला. "मी तिले आयुष्यभर बोललो," ते म्हणाले. "भाऊबीजेले ओवाळून घेतलं आनि तिथंच बोललो." ते उठायला लागले. तेरवीच्या ताटावरून सख्खा भाऊ अर्ध्यावर उठला तर नातं तुटलं, हे पंगतीतल्या लहान मुलालाही माहीत. मोठीने धावत जाऊन त्यांचा हात धरला. ते क्षणभर तसेच वाकून राहिले, मग पुन्हा बसले. "हे सुमनच्या नावाचं ताट आहे," माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमच्या नावाचं असतं तं उठलो असतो."

त्यांनी शेवटच्या शितापर्यंत जेवण केलं. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. तो राग तुझ्या वाट्याला जायचा, तो पत्ता चुकून इतकी वर्षं हिंडत होता.

टपरीची गोष्ट मात्र मी पंगतीत सांगितली नाही. ती आधी अर्चनाला सांगायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या नळावर तेरवीचे मोठे गंज, पातेली घासत होती. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. कागद, रस्ता, दोन चहा, फाटकात उभी असलेली नर्स, चिठ्ठी. ती घासत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हनजे आईले मी नकोच होती."

याच वाक्याच्या भीतीने मी गप्प होतो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. मुलीला लागेल, म्हणून. किती सोयीचं कारण! मी म्हणालो, "तिला तिसरं मूल नको होतं, हे खरं. तू आहेस हे कळल्यावर ठेवायचं तिने ठरवलं, मी नाही. पाचवा महिना लागायच्या आधी तुझं नाव ठेवलं. मुलगी झाली तर अर्चना, म्हणाली. मुलाचं नाव तिने काढलंच नव्हतं, ते माझ्यावर सोडलं होतं. मलाच मुलगा पाहिजे होता. तीन दिवस मी तुझं तोंड पाहिलं नव्हतं."

गंजावरून पाणी वाहत होतं. तिने नळ बंद केला.

"मी तिले खोटारडी म्हनलं, बाबा. एकदा तोंडानं, आनि मंग मनातल्या मनात, आतापर्यंत. ती एकटी खरं बोलून राहिली होती आनि मी तिचंच मानलं नाई." मग गंज पालथा घालून म्हणाली, "तुमचं मानलं. तुमी तं काही बोललेच नाई, तरी तुमचं मानलं."

ती दुपारच्या बसने पारशिवनीला गेली. माझ्या पाया पडली नाही. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी रविवार होता. डबा घेऊन आली, टेबलावर आपटला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "रक्त कमी होतं म्हनून सांगतलं तिले? आई काय दुबळी होती का? दुसरं काही सुचलं नाई तुमाले?"

तेव्हापासून दर रविवारी ती एक नवा प्रश्न घेऊन येते. चिठ्ठीवर नेमकं काय होतं? फाडली की जाळली? मामासमोर आईने आली म्हटलं तेव्हा तुम्ही कुठे बघत होता? तिला तुमचं दांडा धरून उभं राहणं पाहून काय वाटलं असेल? मी उत्तरं देतो. काहींची नाहीत, तर नाहीत असं सांगतो. भांडून झालं की आम्ही जेवतो, आणि मग ती तुझ्याबद्दल विचारते, साध्या गोष्टी, तुला कुठली भाजी आवडायची नाही, चरख्यावर काय गुणगुणायचीस. गेल्या रविवारी मोहरीची गोष्ट सांगितली तर इतकी हसली की तिला ठसका लागला. अगदी तुझ्यासारखी हसते, पोट धरून. हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, कारण तुझ्यासमोर ती तशी हसलीच नव्हती.

हा मजकूर मी तिला वाचायला दिला. चष्मा लावून, शिक्षिकेसारखा पेन हातात घेऊन वाचला. टपरीच्या जागी मी लिहिलं होतं, माझ्याकडून तेव्हा एक चूक झाली. तिने ती ओळच खोडली. म्हणाली, "चूक म्हनजे चुकून होते ते. पाठ फिरवली म्हनून लिहा." मी तसं लिहिलं.

सुमन, तू असताना ह्या घरात तुझ्या बाजूने भांडायला कोणी नव्हतं. मी तर नव्हतोच, आणि तू स्वतःही नव्हतीस. आता तुझी पोरगी आहे. चपला काढायच्या आधीच सुरू होते, शेजारच्यांना ऐकू जातं, आणि खरं सांगतो, इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पारशिवनीची बस अकराला लागते. मी दहा वाजल्यापासून दार उघडं टाकून बसतो.